पेलेचा सिनेमा आणि हरवलेले बॅक

आजचा भाग जरा घरगुती आहे आणि थोडा तक्रारीचाही. त्यातली पहिली तक्रार माझी माझ्यावरच आहे. मागं एकदा खेळाडूंवरच्या सिनेमांबद्दल बोलताना मी ओघात म्हणून गेलो होतो, की 'पेले: बर्थ ऑफ अ लेजंड' हा सिनेमा घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघण्यासारखा आहे. तेव्हा मी तो अर्धाच बघितला होता. अर्ध्यावर शिफारस केली, हे आज कबूल करून टाकतो. पूर्ण बघितला तो नंतर, आबांच्या शेजारी बसून. आणि तिथंच सगळी गडबड झाली.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं फुटबॉल हा पेठेचा आणि तालमीचा खेळ आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल ही नावं ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं कुस्तीबद्दल बोलतायत. पण याच नावांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा गावातला निम्मा माणूस कामावरून लवकर सुटलेला असतो. वर्ल्ड कप आला की चौकाचौकांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक लागतात, पैजा लागतात, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात. आबा सत्तरच्या दशकात अशाच एका पेठेच्या संघाकडून खेळले. राईट बॅक. गोल किती केले विचारलं तर म्हणतात, "एक केला, पण आपल्याच पोस्टात." गुडघा गेला आणि खेळ संपला.

पेले हा आबांचा देव वगैरे नाही. ते देव बिव मानणाऱ्यातले नाहीत. पण सप्टेंबर १९७७ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसबरोबर कोलकात्याला आला, ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी सामना झाला, २-२ सुटला. त्या सामन्याला रेल्वेनं जायचं आबांनी आणि त्यांच्या दोघा दोस्तांनी ठरवलं होतं. रजा मिळाली नाही. पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली, पण तो विषय निघाला की त्या वेळच्या साहेबाचा उद्धार अजून होतो.

२९ डिसेंबर २०२२ ला पेले गेला. वर्ल्ड कप संपून दहा-अकरा दिवसच झाले होते, अर्जेंटिनावाल्यांचा माज अजून उतरला नव्हता आणि आम्ही घरातले सगळे ब्राझीलवाले आधीच तोंड पाडून बसलेलो. मी म्हटलं, आबांना हा सिनेमा दाखवू. रविवारी दुपारी बसलो. आबा, मी आणि माझा पुतण्या. पुतण्या तेव्हा अकरा वर्षांचा होता, रोज सकाळी सहाला प्रॅक्टिसला जाणारा. त्याच महिन्यात त्याच्या वयोगटाच्या संघाची यादी लागली होती आणि त्यात त्याचं नाव नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता सिनेमाबद्दल. २०१६ चा सिनेमा. दिग्दर्शक जेफ आणि मायकल झिम्बलिस्ट हे दोघे भाऊ. यांनी आधी 'द टू एस्कोबार्स' नावाचा माहितीपट केला होता, कोलंबियाचा फुटबॉलपटू आंद्रेस एस्कोबार आणि ड्रग माफिया पाब्लो एस्कोबार यांच्यावर. तो बघितला नसेल तर जरूर बघा, आणि ही शिफारस मी पूर्ण बघून करतोय. फुटबॉल, पैसा, राजकारण, मृत्यू हे सगळं एकमेकांत कसं गुंतलेलं असतं ते त्यांनी त्यात इतकं चोख दाखवलंय, की हेच लोक पेलेवर सिनेमा करतायत म्हटल्यावर अपेक्षा वाढणारच. वर संगीत आपल्या ए. आर. रहमानचं. आणि निर्मात्यांच्या यादीत खुद्द पेले. मला वाटतं या शेवटच्या गोष्टीनंच घोळ केला असावा. ज्याच्यावर सिनेमा आहे तोच पाठीशी उभा असला, की लिहिणाऱ्याची लेखणी अवघडते.

चांगलं काय आहे ते आधी सांगतो. पेलेचे वडील दोंदिन्यो यांचं काम सेऊ जोर्जी या ब्राझिलियन गायक-नटानं केलंय आणि तो माणूस पडद्यावर आला की सिनेमात जीव येतो. दोंदिन्यो स्वतः फुटबॉलपटू होते. गुडघा दुखावला, मोठ्या क्लबातलं खेळणं सुटलं, आणि पुढं बाउरू गावात दवाखान्यात साफसफाईचं काम करून घर चालवलं. सिनेमात बाप-लेक त्या दवाखान्याच्या आवारात आंब्यांनी सराव करतात. पायावर, मांडीवर, डोक्यावर आंबा झेलत राहायचं, खाली पडू द्यायचा नाही. हा प्रसंग सुरू झाला तेव्हा आबा पुढं सरकून बसले. गुडघा गेलेला बाप, पोराला शिकवतोय. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, टीव्हीकडंच बघत राहिलो. त्यांनी मला कधी शिकवलं नाही, कारण मला तेव्हा क्रिकेटशिवाय काही सुचत नव्हतं. असो.

पण आंबा संपला आणि सिनेमा उताराला लागला.

पहिली गोष्ट भाषेची. बाउरूच्या वस्तीतली अनवाणी पोरं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. आई इंग्रजीत रागावते, बाप इंग्रजीत समजावतो, गल्लीतले टगे इंग्रजीत चिडवतात. सगळं इंग्रजी, फक्त उच्चार पोर्तुगीज वळणाचे. जगभर विकायचा सिनेमा आहे, कळतं मला. पण उद्या आपल्या खाशाबा जाधवांवर सिनेमा निघाला आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरची पोरं आखाड्यात एकमेकांना इंग्रजीत आव्हान द्यायला लागली, तर आपण किती वेळ बसू? सगळ्या सिनेमात एकच पोर्तुगीज शब्द पुन्हा पुन्हा कानावर येतो, तो म्हणजे 'जिंगा'. आबांना तो आधी 'झिंगा' ऐकू आला. त्यांना वाटलं खाण्याबद्दल चाललंय.

आणि या जिंगावरच सगळा सिनेमा उभा आहे, म्हणून तो नीट सांगायला हवा. जिंगा म्हणजे कापोइराची मूळ हालचाल, ते सतत डुलत राहणं, वजन या पायावरून त्या पायावर टाकत राहणं. कापोइरा हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ब्राझीलमध्ये घडवलेला खेळ, नाच आणि लढत, तिन्ही एकत्र. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली ती थेट १८८८ मध्ये. म्हणजे पेलेच्या जन्माआधी फक्त बावन्न वर्षं. पेले १९४० चा. हा इतिहास सिनेमात येतो. वाल्देमार दि ब्रितो, ज्यांनी पेलेला सांतोस क्लबात नेलं, ते त्याला हे सगळं समजावून सांगतात. इथपर्यंत माझी काही हरकत नाही.

पुढं सिनेमा काय म्हणतो ते बघा. १९५० मध्ये ब्राझील आपल्याच घरी, माराकाना मैदानावर, उरुग्वेकडून २-१ हरला. देश रडला. छोट्या पेलेचा बापही रेडिओजवळ रडला आणि पोरानं सांगितलं, रडू नका, मी तुम्हाला वर्ल्ड कप जिंकून आणतो. ही गोष्ट पेले स्वतः जन्मभर सांगत आला. मग सिनेमा म्हणतो, की त्या पराभवाचं खापर जिंगावर फुटलं, देशानं ठरवलं की आता आपली नाचरी पद्धत सोडायची आणि युरोपासारखं शिस्तीत खेळायचं. प्रशिक्षक फेओला पोरांना ते युरोपियन खेळणं शिकवतो, पोरांचा जीव गुदमरतो, आणि अखेर स्वीडनमध्ये फायनलच्या तोंडावर पेले हॉटेलात बॉल घेऊन सुटतो. सगळा संघ त्याच्या मागं. खोल्यांतून, जिन्यावरून, बॉल इकडून तिकडं. तो बॉल एका टेबलापाशी जातो आणि तिथं कॉफी घेत खरा म्हातारा पेले बसलेला! आमच्या पुतण्यानं टाळी वाजवली. मग फेओलाचं मन वळतं. खेळा बाळांनो तुमच्या पद्धतीनं. आणि फायनल ५-२.

आबांनी तेवढ्यात विचारलं, "आरं, ह्यांचे बॅक कुठं हायत?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मगापासनं बघतोय, सगळी पुढंच नाचालीत. बॉल काढून कोण देतंय ह्यांना? माघारी कोण हाय?"

मला हसू आलं. म्हटलं, म्हातारा जन्मभर बॅकला खेळला, त्याला दुसरं काय दिसणार. पण रात्री झोपताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. उठलो, जुने निकाल काढले. आणि मंडळी, हे ऐका.

१९५८ चा वर्ल्ड कप. ब्राझीलचा पहिला सामना ऑस्ट्रियाशी, ३-०. दुसरा इंग्लंडशी, ०-०. तिसरा सोव्हिएत संघाशी, २-०. उपांत्यपूर्व फेरीत वेल्सशी, १-०. चार सामने आणि ब्राझीलवर एकही गोल नाही! त्यांच्यावर पहिला गोल झाला तो थेट सेमीफायनलला, फ्रान्सच्या जुस्त फोंतेनचा. फोंतेननं त्या स्पर्धेत एकूण तेरा गोल केले, तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. म्हणजे गोल खायला त्यांना तेवढा तगडा माणूस समोर यावा लागला.

हा काय नाचत-बागडत, मनाला येईल तसं खेळणारा संघ आहे का? गिलमार गोलात, पुढं बेलिनी, ओर्लांदो, डाव्या बाजूला निल्टन सांतोस. ब्राझील त्या वेळी ४-२-४ खेळत होता, म्हणजे मागं चार. बहुतेक युरोप तेव्हा मागं तिघांवर भागवत होता. वर झगालो, जो कागदावर विंगर होता, तो गरज पडली की धावत मागं यायचा. आज आपण ज्याला आधुनिक बचाव म्हणतो त्याची पायाभरणी तिथं झाली. आणि ही मांडणी आली कुठून? फेओला साओ पाउलो क्लबातला माणूस. १९५७ मध्ये त्या क्लबाचा प्रशिक्षक होता बेला गुटमान. हंगेरीचा. युरोपियन! ज्या युरोपियन विचाराला सिनेमा खलनायक करतो, त्यातलंच चांगलं उचलून ब्राझीलनं स्वतःचं केलं होतं.

आणखी एक गोष्ट मला सापडली, ती ऐकून आबा बराच वेळ गप्प बसले. त्या स्पर्धेसाठी ब्राझीलनं संघाबरोबर डॉक्टर नेला, हिल्टन गोस्लिंग. दंतवैद्य होता. मानसशास्त्रज्ञही होता. निघण्यापूर्वी खेळाडूंची तपासणी झाली, तेव्हा देशातल्या या सर्वोत्तम खेळाडूंपैकी अनेकांच्या पोटात जंत निघाले. कुणाला रक्ताची कमतरता. दात तर इतके किडलेले, की काढण्याचा मोठा कार्यक्रमच झाला. बघा, गरिबी म्हणजे ही. सिनेमात गरिबी म्हणजे सोनेरी उन्हातली धूळ, वाळत घातलेले रंगीत कपडे आणि चिंध्यांचा बॉल. खरी गरिबी त्या पोरांच्या आतड्यात आणि हिरड्यांत होती. आणि त्यावर उतारा म्हणून कुणी जिंगा दिला नाही, औषधं दिली. एक देश आपल्या पोरांच्या तब्येतीकडं पहिल्यांदा नीट लक्ष देतो आणि ती पोरं जग जिंकतात, ही गोष्ट सिनेमाला का सांगावीशी वाटली नसेल? मला तर ती आंब्याच्या प्रसंगाइतकीच हळवी वाटते.

त्या डॉक्टर गोस्लिंगनं म्हणे हॉटेल निवडायला आधी जाऊन कितीतरी ठिकाणं पालथी घातली, आणि जे ठरवलं तिथल्या बायका नोकर हटवून सगळे पुरुष नेमायला लावले. पोरांचं लक्ष विचलित नको! आता तुम्ही मला सांगा, एवढ्या बारकाव्यानं बेत आखणारी माणसं फायनलच्या तोंडावर 'जा, मनाला येईल तसं खेळा' म्हणाली असतील? मानसशास्त्रज्ञानं मात्र घोटाळा केला. कार्व्हालायस त्यांचं नाव. त्यांच्या मते पेले अजून पोरकट होता आणि गारिंचाही उपयोगाचा नव्हता. फेओलानं ते ऐकून घेतलं आणि दोघांनाही खेळवलं. म्हणजे खरा फेओला सिनेमातल्या फेओलापेक्षा शहाणाही होता आणि मजेदारही. जाडजूड, निवांत माणूस. बाकावर बसून डुलक्या घेतो अशी त्याची ख्याती होती.

आता १९५० कडं परत येऊ, कारण माझा खरा राग तिथं आहे. सिनेमा म्हणतो खापर जिंगावर फुटलं. खापर फुटलं ते माणसांवर. गोलरक्षक बार्बोसा, कृष्णवर्णीय. बिगोदे, जुव्हेनाल, हेही. त्या पराभवानंतर बार्बोसाला उरलेलं सगळं आयुष्य तो एक गोल पुरला. २००० साली तो गेला, तोवर देशानं त्याला माफ केलं नव्हतं. कृष्णवर्णीय गोलरक्षकावर भरवसा नको, ही समजूत ब्राझीलमध्ये त्यानंतर दशकानुदशकं टिकली. (ते हरले तेव्हा पांढऱ्या जर्सीत होते बरं का. आपण चौकात विकत घेतो ती पिवळी जर्सी त्या पराभवानंतर आली.) आता एका देशानं आपल्या काळ्या खेळाडूंना दोषी ठरवलं, ही गोष्ट उचलून 'देशानं आपल्या शैलीला दोषी ठरवलं' अशी करून टाकली की काय होतं? कुणालाच लाज वाटायची गरज उरत नाही. शैलीला नातेवाईक नसतात ना.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. वर्णाचा नि वर्गाचा प्रश्न दाखवायला सिनेमानं एक पोरगा शोधला, जुझे अल्ताफिनी. सिनेमात हा श्रीमंत घरचा गोरा मुलगा. पेलेची आई सेलेस्ते त्याच्या घरी मोलकरीण. हा पेलेला हिणवतो, 'पेले' हे नाव चिडवण्यासाठी त्यानंच पाडलं, आणि पुढं हाच राष्ट्रीय संघात पेलेसमोर. खरा अल्ताफिनी बाउरूचा नव्हताच. तो पिरासिकाबाचा, इटलीहून आलेल्या साध्या कुटुंबातला. बालपणी यांची गाठ पडायचा संबंध नाही. १९५८ मध्ये तो स्वतःच एकोणीस वर्षांचा पोर होता आणि ऑस्ट्रियाविरुद्ध त्यानं दोन गोल केले होते. एका खऱ्या, हयात असलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला खोटं बालपण द्यायचं, तेही असलं, हे मला पटत नाही. काल्पनिक नाव दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

तेच स्वीडनबद्दल. त्यांचा प्रशिक्षक जॉर्ज रेनर, हा इंग्लंडचा माणूस, सिनेमात पत्रकारांसमोर ब्राझीलच्या खेळाडूंची टर उडवतो. फायनलआधी रेनर फुशारकीचं बोलला होता हे खरं, की आम्ही पहिला गोल केला तर ब्राझीलची घाबरगुंडी उडेल. पण स्वीडनचे प्रेक्षक त्या दिवशी ब्राझीलसाठी टाळ्या वाजवत होते. राजा मैदानात उतरून हात मिळवून गेला. ब्राझीलच्या खेळाडूंनी स्वीडनचा भला मोठा झेंडा धरून मैदानाला फेरी मारली. हरणारा गाव जिंकणाऱ्याचं कौतुक करतोय, हे आमच्या शाहू स्टेडियमवर कधी बघायला मिळेल देव जाणे. इतका सुंदर शेवट आयता हातात असताना खलनायक कशाला हवा होता?

बरं, पुतण्याचं सांगायचं राहिलं. सिनेमा संपल्यावर तो म्हणाला, "काका, म्हणजे पेलेला प्रॅक्टिस लागलीच नाही ना? त्याच्या रक्तातच होतं."

मी 'हो रे, तो ग्रेटच होता' असं काहीतरी म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वहिनी म्हणाली पोट दुखतंय. चौथ्या दिवशी आबांनी त्याला जवळ घेऊन विचारलं तेव्हा बाहेर पडलं. यादी लागली त्या दिवशी मैदानावर कुणीतरी मोठं माणूस बोललं होतं, की काही पोरांच्यात ते उपजत असतं, काहींच्यात नसतं, त्याला इलाज नाही. आणि मग वरून हा सिनेमा. दोन तास तेच सांगणारा. अकरा वर्षांच्या पोरानं हिशेब मांडला, की आपल्या रक्तात नाही, तर सहाला उठायचं कशाला?

हे ऐकून मी चपापलो. कारण सिनेमा मी लावला होता.

आणि चीड याची, की पेलेच्या बाबतीत हे धडधडीत खोटं आहे. दोंदिन्यो त्याला घोटून घ्यायचे. दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत, हेडिंगला डोळे उघडे पाहिजेत. स्वतः दोंदिन्यो हेडिंगचे उस्ताद. एका सामन्यात त्यांनी हेडनं पाच गोल केले होते आणि तेवढा एक विक्रम मला मोडता आला नाही, असं पेले सांगायचा. वाल्देमार दि ब्रितो, जे सिनेमात जिंगाचं तत्त्वज्ञान सांगणारे साधू वाटतात, ते स्वतः १९३४ चा वर्ल्ड कप खेळलेले. त्यांनी बाउरूच्या पोरांच्या संघात पेलेला शिकवला, मग १९५६ मध्ये सांतोसला नेला. तिथं पंधराव्या वर्षी तो मोठ्या माणसांत खेळायला लागला. स्वीडनला जाण्याआधी राष्ट्रीय संघातून गोलही करून झाला होता. आकाशातून पडला नव्हता तो! बापाच्या हाताखाली, मास्तरच्या हाताखाली, मग क्लबात, असा पायरी पायरीनं आला होता. काळ्या, गरीब पोराचं कौतुक करताना 'उपजत' हा शब्द किती सहज येतो बघा. त्याला डोकं होतं, त्यानं घाम गाळला, त्याला कुणीतरी नीट शिकवलं, हे म्हणायला मात्र जीभ अडते. सिनेमा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यांना बिचाऱ्यांना गौरवच करायचा होता.

पुढच्या रविवारी आबांनी फर्मान काढलं, "खरी मॅच लाव." २९ जून १९५८, स्टॉकहोमजवळचं रासुंदा स्टेडियम. त्या फायनलचं चित्रण मिळतं, काळं-पांढरं, जरा धूसर. पुतण्याला मध्ये बसवला. त्याला आधी कंटाळा आला, कारण पेले कोणता तेच कळेना.

चौथ्या मिनिटाला स्वीडनच्या लिडहोल्मनं गोल केला. रेनर म्हणाला होता तसंच झालं. आता घाबरगुंडी उडायची वेळ. इथं मी थांबवून सांगितलं, की या क्षणी दिदी या ब्राझीलच्या मिडफिल्डरनं बॉल काखेत घेतला आणि एकेक पाऊल टाकत, अजिबात घाई न करता मधल्या वर्तुळापर्यंत चालत आला. वाटेत सगळ्यांना सांगत आला, काही झालेलं नाही. आबा म्हणाले, "कॅप्टन बेलिनी खरा, पण त्या दिवशीचा हा." मग गारिंचा. सिनेमात हा माणूस कोपऱ्यात उभा केलाय, ज्याचे दोन्ही पाय वाकडे आणि जो एकाच बाजूनं जाणार हे सगळ्या जगाला ठाऊक, तरी कुणाला अडवता येत नाही. दोनदा उजवीकडून निघाला, दोनदा क्रॉस, दोनदा वावाचा गोल. जवळजवळ एकसारखे. पुतण्या म्हणाला, "परत तेच?" आबा म्हणाले, "जमतंय तर बदलायचं कशाला?"

आणि पंचावन्नाव्या मिनिटाला तो गोल. छातीवर घेतला, बचावपटूच्या डोक्यावरून अलगद उडवला, खाली पडू न देता मारला. सिनेमात हे सगळं संथ गतीत, सुरावटीसह, कितीतरी वेळ चालतं. खऱ्यात तीन-चार सेकंद. बघता बघता संपतं. सतरा वर्षांचं पोर. त्याच स्पर्धेत वेल्सविरुद्ध गोल केला तेव्हा वय १७ वर्षं २३९ दिवस, वर्ल्ड कपमध्ये गोल करणारा आजवरचा सगळ्यात लहान खेळाडू. पुतण्यानं ते तीन-चार सेकंद सात-आठ वेळा लावायला सांगितले. मग म्हणाला, "आबा, आंब्यासारखंच आहे की हे. पडू द्यायचं नाही." तेवढं श्रेय सिनेमाला दिलं पाहिजे.

पण आबांचं लक्ष भलतीकडंच होतं. त्यांना ब्राझीलचा राईट बॅक दिसला होता. काळासावळा, तगडा, शांत. "हा कोण?" जालमा सांतोस, मी सांगितलं. आधीचे सगळे सामने दे सोर्दी खेळला होता, त्याला दुखापत झाली म्हणून हा फायनलला आला. अख्ख्या स्पर्धेत एकच सामना खेळला. आणि त्या एका सामन्यावर स्पर्धेतला सर्वोत्तम राईट बॅक म्हणून त्याची निवड झाली.

आबा उठून बसले. "एका मॅचवर?"

"एका मॅचवर."

"अन् त्या सिनेमात हा हाय?"

मी म्हटलं, असला तरी कुणी त्याच्याकडं बघावं असा नाही.

आबांनी रिमोट माझ्या हातातून घेतला, पुतण्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "सुरवातीपास्नं लाव. आता बॉलकडं बघू नगंस. दोन नंबरच्या जागंवरच्या माणसाकडं बघ फक्त, बॉल नसताना कुठं उभारतोय ते." मी चहा टाकायला आत गेलो. बाहेर आलो तर दोघं टीव्हीच्या इतक्या जवळ जाऊन बसले होते, की मला काही दिसेना.

चला, आज एवढंच. पुढच्या रविवारी भेटू.